पडद्यावरील चुका आणि प्रेक्षकांचा विवेक

चित्रपटातील चुका शोधणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. ती रास्त नाही. ग्रंथ वाचून इतिहास जाणणारे थोडे आणि पडद्यावर तो पाहणारे लाखो, अशी समाजाची स्थिती असताना, पडद्यावर दिसते ते खरे काय, असा प्रश्न विचारणारा प्रेक्षक लोकशिक्षणाचेच कार्य करीत असतो. मात्र चूक कशास म्हणावे आणि ती कोणत्या मार्गाने दाखवावी, याचा विवेक त्याला हवा.

सर्व चुका एका जातीच्या नसतात. पहिली जात निव्वळ अनवधानाची. चित्रपटातील प्रसंग कथेच्या क्रमाने चित्रित होत नाहीत. एका संभाषणाचे दोन तुकडे कित्येक दिवसांच्या अंतराने घेतले जातात. पात्राचा पोशाख, कपाळावरचा टिळा, पेल्यातील पाणी यांची नोंद ठेवणारा साहाय्यक क्षणभर चुकला की भरलेला पेला रिता होतो. अशा चुकीने कोणाचे नुकसान होत नाही. ती दाखवावी, हसावे आणि सोडून द्यावी. डिसेंबर २०२२ मध्ये ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ या चित्रपटाची पहिली झलक प्रसिद्ध झाली, तेव्हा महाराजांच्या मागील झुंबरात विजेचे दिवे असल्याचे प्रेक्षकांनी दाखवून दिले. शिवराज्याभिषेक १६७४ चा आणि एडिसनचा दिवा १८७९ चा. दोन शतकांचे हे अंतर शाळकरी मुलालाही उमगते आणि सुधारताही येते.

दुसरी जात कलावंताने बुद्ध्या घेतलेल्या स्वातंत्र्याची. धाराशिव जिल्ह्यातील सोनारी हे काळभैरवनाथाचे क्षेत्र ज्या परंडा तालुक्यात आहे, तेथील भुईकोट किल्ला प्रसिद्ध आहे. विजापूरची ‘मुलूख मैदान’ ही अजस्र तोफ एके काळी याच किल्ल्यावर होती. १६३२ मध्ये ती विजापूरला नेण्यात आली. तोफ म्हणजे काय, हे या भागातील विद्यार्थ्यास पुस्तकातून शिकावे लागत नाही. त्याने २०२० चा ‘तान्हाजी’ पाहिला, तर कोंढाण्यावरून राजगडाचा वेध घेऊ पाहणारी ‘नागीण’ तोफ त्याला विचारात पाडील. या दोन गडांतील सरळ अंतर सुमारे १५ किलोमीटर, तर सतराव्या शतकातील तोफांचा मारा फार तर काही थोड्या किलोमीटरांचा. नकाशा आणि मोजपट्टी एवढ्या साहित्यावर सोनारीच्या शाळेतही हा निवाडा होऊ शकतो. दिग्दर्शकाला अतिशयोक्तीचा अधिकार आहे. पण ती अतिशयोक्ती आहे हे जाणण्याचा अधिकार प्रेक्षकालाही आहे.

तिसरी जात अधिक गमतीची; तेथे चूक प्रेक्षकाचीच असते. ‘शोले’ (१९७५) मधील रामगढात वीज नाही, मग वीरू चढतो त्या टाकीत पाणी कोण चढवितो, हा वाद पन्नास वर्षे रंगला आहे. मराठवाड्यातील शेतकऱ्याला तो विचारावा. विहिरीवर डिझेलचे इंजिन बसवून त्याने वीज येण्यापूर्वीही पाणी उपसले आहे. तेव्हा टाकी पाहून घाईने निकाल देणारा टीकाकारच येथे तोंडघशी पडतो.

खरा धोका आहे तो चूक न दिसण्याचा. प्रभातच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) साठी शांताराम आठवले यांनी रचलेले एक पद इतके अस्सल उतरले, की अनेकांनी ते तुकोबांचाच अभंग मानले. ही कवीच्या सामर्थ्याची पावती खरी. परंतु पडदा गाथेतही भर घालू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले. तेथे निर्माण झाले ते एक सुंदर पद. उद्या त्याच वाटेने एखाद्या घराण्यावरचा खोटा कलंक किंवा न घडलेला पराक्रम लोकांच्या स्मृतीत शिरला, तर तो काढणार कोण?

यावर दोन मार्ग दिसतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘हर हर महादेव’ या चित्रपटात इतिहासाचा विपर्यास झाल्याचा आक्षेप घेऊन ठाण्यात त्याचा खेळ बंद पाडण्यात आला आणि प्रेक्षकाला मारहाण झाल्याची तक्रार नोंदली गेली. आक्षेपात तथ्य किती, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. याउलट ‘टायटॅनिक’ (१९९७) मध्ये बुडत्या जहाजावरचे तारांगण चुकीचे असल्याचे नील डिग्रास टायसन या खगोलशास्त्रज्ञाने दाखवून दिले. एप्रिल १९१२ च्या त्या रात्रीचे खरे आकाश कसे होते, ते दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन यांनी त्यांच्याकडूनच मागून घेतले आणि २०१२ च्या पुनःप्रदर्शनात ते दृश्य सुधारले. तेथे ना काच फुटली, ना कोणाचा अवमान झाला.

हा दुसरा मार्ग शिकविण्याचे स्थान म्हणजे शाळा. ऐतिहासिक चित्रपट पाहून आलेल्या विद्यार्थ्यांकडून शिक्षकांनी तीन रकाने भरून घ्यावेत: काय दाखविले, पुरावा काय सांगतो, आणि तो पुरावा कोठे सापडला. तिसरा रकाना रिता राहिला, तर आक्षेप मागे घेण्याचेही त्यांना शिकवावे. पुराव्यावाचून रागावणारा प्रेक्षक आणि पुराव्यावाचून इतिहास रचणारा दिग्दर्शक, या दोघांत फारसे अंतर नाही.