फोटो बघून अलॉय घेऊ नका! स्पोर्ट्स कारला व्हील ‘बसतं’ म्हणजे नक्की काय?

माझा मावसभाऊ जर्मनीत, स्टुटगार्टला नोकरी करतो. गेल्या वर्षी त्याने सेकंड हँड मझदा एमएक्स-५ घेतली. दोन सीटची, वरचं छत उघडणारी, छोटीशी स्पोर्ट्स कार. गाडी घेऊन महिना झाला नाही तोच व्हॉट्सअ‍ॅपवर एक स्क्रीनशॉट आला. ब्राँझ रंगाची, खोल डिशवाली चार व्हील्स. खाली मेसेज: “दादा, एमएक्स-५ साठीच आहेत असं लिहिलंय. घेऊन टाकू का?”

मी फोटो झूम केला. जाहिरातीत लिहिलं होतं: १७×९, ईटी२०, ४×१००. मी लगेच उत्तर दिलं, “पैसे पाठवू नकोस. आधी फोन कर.”

त्या फोनवर आम्ही जे आकडे तपासले, तेच आज तुम्हाला सांगतो. तुमच्याकडे स्पोर्ट्स कार नसली तरी वाचा. कारण हाच हिशोब स्विफ्टला आणि आय२०लाही लागतो, आणि चुकला तर खर्चही तसाच होतो.

१. पीसीडी: भोकं जुळतात का?

व्हील गाडीच्या हबवर नटांनी आवळलेलं असतं. ज्या काल्पनिक वर्तुळावर ही भोकं असतात, त्याचा व्यास म्हणजे पीसीडी. ४×१०० म्हणजे चार भोकं, १०० मिमीच्या वर्तुळावर.

आता गंमत बघा. एमएक्स-५ हे नाव १९८९ पासून चालू आहे, पण सगळ्या एमएक्स-५ची व्हील्स एकसारखी नाहीत. पहिल्या दोन पिढ्या ४×१००. २००५ मध्ये आलेली तिसरी पिढी ५×११४.३. आणि २०१५ पासूनची चौथी पिढी परत ४×१००. त्यामुळे ‘एमएक्स-५ची ओरिजिनल व्हील्स’ असं लिहिलेलं खरं असूनही ती तुमच्या एमएक्स-५ला बसणार नाहीत, असं होऊ शकतं. भावाची गाडी चौथ्या पिढीची, म्हणजे ४×१००. इथपर्यंत जाहिरात बरोबर होती.

मोजायचं असेल तर चार भोकांच्या व्हीलवर समोरासमोरच्या दोन भोकांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर घ्या. तोच पीसीडी. पाच भोकांत समोरासमोर भोक येत नाही. तिथे शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर घेऊन १.७ ने गुणा.

“थोडासाच फरक आहे, आवळलं की बसेल” असं कोणी म्हटलं तर तिथून निघा. ५×११२ आणि ५×११४.३ यांत फक्त २.३ मिमीचा फरक आहे. नट आत जातो, पण तिरका ओढला जातो. असा नट आज ना उद्या ढिला होतो किंवा त्याचा स्टड तुटतो.

२. सेंटर बोअर: मधलं मोठं भोक

व्हीलच्या मधल्या भोकाचा व्यास म्हणजे सेंटर बोअर. भावाच्या गाडीचा हब ५४.१ मिमीचा. व्हीलचं भोक याहून लहान असेल तर ते चढणारच नाही. पण बाजारातली बरीच व्हील्स मुद्दाम मोठ्या भोकाची, उदाहरणार्थ ७३.१ मिमीची बनवतात. एकच व्हील अनेक गाड्यांना विकता यावं म्हणून.

मग मधली जागा भरायला हब रिंग लागते. प्लॅस्टिकची किंवा ॲल्युमिनियमची साधी कडी. बाहेरून ७३.१, आतून ५४.१. गाडीचं वजन ती पेलत नाही. ते काम नटांच्या घट्ट आवळण्याचं. रिंगचं काम एवढंच की आवळताना व्हील बरोबर मध्यावर राहावं.

यात मी स्वतः फसलोय. माझ्या स्विफ्टला (तिचाही पीसीडी ४×१०० आणि बोअर ५४.१) अलॉय टाकले आणि ताशी ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. तीन वेळा बॅलन्सिंग केलं. प्रत्येक वेळी टायरवाला म्हणायचा, “आता बघा, मक्खन चालेल.” चौथ्या वेळी दुसऱ्याच दुकानात व्हील काढलं, तेव्हा कळलं की रिंगच टाकलेल्या नाहीत. चार रिंगा टाकल्या आणि थरथर गेली. बॅलन्सिंगवर मी त्याहून जास्त पैसे घालवले होते.

३. रुंदी आणि ऑफसेट: खरा खेळ इथे आहे

ईटी हा जर्मन शब्द ‘आइनप्रेसटीफे’चा शॉर्टफॉर्म. आपण ऑफसेट म्हणतो. व्हीलची रुंदी अर्धी केली की मधोमध एक रेषा येते. हबला टेकणारा भाग त्या रेषेपासून बाहेरच्या बाजूला किती मिमी आहे, तो आकडा म्हणजे ईटी. ईटी मोठा असेल तर व्हील आत सरकतं. लहान असेल तर बाहेर येतं.

भावाच्या गाडीची कंपनीची व्हील्स १६×६.५, ईटी५०. जाहिरातीतली १७×९, ईटी२०. हिशोब असा करायचा:

- रुंदीतला फरक: ९ वजा ६.५, म्हणजे २.५ इंच, म्हणजे ६३.५ मिमी. निम्मा आत, निम्मा बाहेर. प्रत्येकी सुमारे ३१.७ मिमी.
- ऑफसेटचा फरक: ५० वजा २०, म्हणजे ३० मिमी. एवढं अख्खं व्हील बाहेर येणार.
- बाहेरची कड: ३१.७ + ३० = जवळजवळ ६२ मिमी बाहेर.
- आतली कड: ३१.७ − ३० = जेमतेम २ मिमी आत.

म्हणजे आत सस्पेन्शनला घासण्याची भीती कमी, पण बाहेर व्हील सहा सेंटिमीटर जास्त! फोटोतली गाडी खाली बसवलेली होती, मडगार्ड रुंद केलेले होते. साध्या गाडीला हे व्हील लावलं तर ते मडगार्डच्या बाहेर येणार आणि खड्ड्यात सस्पेन्शन दबलं की टायर मडगार्डच्या कडेला कापला जाणार.

घासलं नाही तरी फरक पडतोच. व्हील जेवढं बाहेर, तेवढा व्हील बेअरिंगवर ताण जास्त. शिवाय स्टिअरिंगचा फील बदलतो. रस्ता खराब असला की ते हातात ओढ घेतं. एमएक्स-५ लोक घेतात ती तिच्या स्टिअरिंगसाठी. तेच बिघडवायला पैसे का द्यायचे?

४. ब्रेक: आकाराने बसलं तरी अडकू शकतं

व्हीलच्या काड्या, म्हणजे स्पोक, आतून ब्रेक कॅलिपरला लागता कामा नयेत. ही गोष्ट एकाही आकड्यात दिसत नाही, कारण ती स्पोकच्या वळणावर अवलंबून असते. एमएक्स-५च्या काही गाड्यांना ब्रेम्बोचे मोठे कॅलिपर असतात. साध्या ब्रेकवर आरामात बसणारी अनेक १५ इंची व्हील्स त्यांच्यावर बसत नाहीत.

यावर उपाय एकच. टायर चढवायच्या आधी नुसतं व्हील पुढच्या चाकाच्या जागी लावून हाताने पूर्ण फिरवून बघायचं. एकदा टायर चढला की बहुतेक दुकानदार व्हील परत घेत नाहीत.

५. टायरचा एकूण व्यास

स्पीडोमीटर, एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल हे सगळं टायर एका फेरीत किती अंतर कापतो यावर चालतं. त्यामुळे व्हील मोठं केलं तर टायरची भिंत कमी करून एकूण व्यास जवळपास तोच ठेवायचा असतो.

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. १९५/५० आर१६ घ्या. भिंतीची उंची १९५ च्या ५० टक्के, म्हणजे ९७.५ मिमी. ती वर-खाली दोनदा, म्हणजे १९५. त्यात रिम १६ × २५.४ = ४०६.४ मिळवा. एकूण ६०१ मिमी. कंपनीच याच गाडीला दुसरा पर्याय म्हणून २०५/४५ आर१७ देते. त्याचा व्यास ६१६ मिमी. फरक अडीच टक्के. ढोबळ नियम म्हणून फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवा.

आणि इंच वाढवले म्हणजे गाडी चांगली होते असं नाही. मोठं व्हील सहसा जड असतं. व्हीलचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याला ते वर-खाली नाचवावं लागतं. शिवाय ते फिरवावंही लागतं आणि थांबवावंही लागतं. एमएक्स-५ साधारण अकराशे किलोच्या आसपासची हलकी गाडी. तिला जड १८ इंची व्हील लावणं म्हणजे धावपटूला गमबूट घालणं.

६. मागची बाजू वाचा

समोरून व्हील सगळीच छान दिसतात. विक्रेत्याकडे मागच्या बाजूचा फोटो मागा. तिथे आकार, ईटी आणि किती किलो भार पेलू शकतं ते उमटवलेलं असतं. जपानी व्हीलवर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए अशा खुणा असतात. जेडब्ल्यूएल म्हणजे बनवणाऱ्याने स्वतः तपासल्याची ग्वाही, व्हीआयए म्हणजे बाहेरच्या संस्थेकडची तपासणी.

पण खूणही नकली असू शकते. जपानच्या रेज कंपनीचं टीई३७ हे फोर्ज केलेलं व्हील १९९६ पासून इतकं गाजलंय की त्याच्या नकला जगभर मिळतात. दिसायला तेच, पण धातू आणि बनवायची पद्धत वेगळी. साधं व्हील घेतलं तरी चालेल, पण ते खऱ्या कंपनीचं घ्या. एन्काईसारख्या जपानी ब्रँडचा कारखाना तर आपल्या पुण्याजवळ शिक्रापूरला आहे. नकली व्हील खड्ड्यात वाकलं तर नशीब. कधी कधी ते तडकतं.

टायरवरचा भाराचा आकडाही बघा. १९५/५० आर१६ ८४व्ही यातला ८४ म्हणजे एक टायर ५०० किलो पेलतो. नवीन टायरचा आकडा कंपनीने सांगितलेल्यापेक्षा कमी नको.

७. नट: सगळ्यात स्वस्त, सगळ्यात महत्त्वाचा

एमएक्स-५ला एम१२×१.५ आटे लागतात, स्विफ्टला एम१२×१.२५. दिसायला सारखेच. चुकीचा नट जोर लावून फिरवला तर स्टडचे आटे जातात. नटाची बैठकही जुळायला हवी. बाजारातल्या बहुतेक व्हील्सना शंकूच्या आकाराची बैठक असते, पण होंडाचे मूळ नट आणि फोक्सवॅगनचे मूळ बोल्ट गोल बैठकीचे असतात. गोल नट शंकूच्या भोकात जेमतेम एका रेषेवर टेकतो. आवळल्यासारखा वाटतो, पण पकड नसते.

माझ्या त्याच स्विफ्टची दुसरी गोष्ट. दुकानात गनने ‘टर्रर्र’ करून नट आवळले आणि मी निघालो. आठवड्याने साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात मागून टकटक आवाज यायला लागला. गाडी बाजूला घेऊन बघितलं, तर एक नट चक्क हाताने फिरत होता. बायको आणि मुलगी गाडीत होत्या. पाना लावून नट आवळताना माझे हात कापत होते.

तेव्हापासून दोन गोष्टी पाळतो. नट शेवटी टॉर्क रेंचनेच आवळून घेतो, मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे (एमएक्स-५ला १०८ ते १४७ न्यूटन मीटर). आणि ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर परत तपासतो.

८. कायदा

जर्मनीत हे फार काटेकोर. व्हीलवर केबीए नंबर आणि सोबत एबीईचा कागद असेल, आणि त्या कागदात तुमची गाडी, टायरचा साइज आणि अटी जुळत असतील, तर प्रश्न नाही. नाहीतर तपासणी करून घ्यावी लागते. न करता फिरलात तर गाडीची परवानगीच रद्द होऊ शकते. भावाने विक्रेत्याकडे कागद मागितले. उत्तर आलं, “कोणी विचारत नाही.” झालं, विषय संपला.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळं होईल असा बदल चालत नाही, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. त्यामुळे सुरक्षित रस्ता म्हणजे मॅन्युअलमध्ये किंवा दारावरच्या स्टिकरवर दिलेल्या साइजमध्ये राहणं, आणि इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवणं.

मग भावाने काय घेतलं?

१६×७, ईटी४०. टायर कंपनीचाच, १९५/५० आर१६. हिशोब करा: बाहेरची कड सुमारे १६ मिमी बाहेर, आतली कड साडेतीन मिमी मोकळी. गाडी थोडी रुंद उभी राहिलेली दिसते, कुठेही घासत नाही, आणि कागदावर त्याच्या गाडीचं नाव आहे. जुनी व्हील्स त्याने हिवाळी टायरसाठी ठेवली.

तुम्हीही एवढं करा. आजच दारावरच्या स्टिकरचा फोटो काढा. फोनमध्ये एक नोट बनवा आणि त्यात सात गोष्टी लिहा: पीसीडी, सेंटर बोअर, रुंदी, ईटी, टायर साइज, भाराचा आकडा, नटाचे आटे. दुकानात गेलात की आधी नोट उघडा, मग व्हील बघा. एक आकडा जरी जुळला नाही, तरी कितीही भारी दिसत असलं तरी ते व्हील तुमच्या गाडीचं नाही.