रंगीत कागदाची वही

पांढऱ्या कागदावर बगळा काढणं अवघड. आजूबाजूचं सगळं रंगवत न्यावं, तेव्हा कुठे तो दिसू लागतो. कागद मातकट असला, तर पांढऱ्या खडूचे चार फटकारे पुरतात. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातलं आसगाव धानाच्या मुलखातलं. तिथल्या रोवणी झालेल्या बांधीत बगळे टिपणाऱ्या चित्रकाराला रंगीत कागदाचं मोल वेगळं सांगायला नको. मधली छटा कागदच देतो. चित्रकाराने फक्त उजेड आणि सावली भरायची. १५०६ साली व्हेनिसमध्ये असताना जर्मन चित्रकार ड्यूररने निळ्या कागदावर कुंचल्याने अशीच चित्रं काढली, पांढऱ्या रंगाने उजेड दाखवला. तो कागद निळ्या चिंध्यांपासून होत असे.

चिंध्यांपासून कागद करण्याची विद्या आपल्याकडेही जपली गेली. वर्ध्याला १९३४ साली गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पांनी त्याची धुरा वाहिली आणि मगनवाडीत हातकागदाचे प्रयोग झाले. तिथे या कामात मुरलेल्या के. बी. जोशींनी पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था उभी केली. १ ऑगस्ट १९४० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. वसंत कृष्ण वैद्य यांनी संविधानाची हिंदी प्रत हाताने लिहिली, ती पुण्याच्याच हातकागदावर.

या कागदासाठी झाड तोडावं लागत नाही. बनियन-टीशर्टच्या कारखान्यांतली सुती कात्रणं बारीक चिरतात, मग बीटरच्या हौदात पाण्याबरोबर तासन्‌तास कुटून त्यांचा लगदा करतात. रंग इथेच पडतो. शाई फुटू नये म्हणून लागणारं द्रव्यही इथेच मिसळतात. जाळीचा साचा लगद्याच्या पाण्यात बुडवून आडवा उचलायचा आणि हलकेच हलवायचा. पाणी गळून जातं, तंतू एकमेकांत गुंततात. ओला ताव कापडावर उलटतात. कापड आणि ताव यांची थप्पी दाबयंत्राखाली पिळून निघते आणि मग ताव वाळत टाकतात.

रंग लगद्यात पडल्यामुळे तो तावाच्या पार आतपर्यंत जातो. वही करणाऱ्याला हे फार महत्त्वाचं. एकाच बाजूने रंगवलेला घोटीव कागद दुमडला, की घडीवर पांढरी रेघ उमटते आणि पान उलटलं की मागची बाजू कोरी. हातकागद दोन्ही बाजूंनी सारखा. खरवडला तरी आत तोच रंग. शिवाय यंत्राच्या कागदात तंतू बहुतेक एकाच दिशेने पडतात, म्हणून तो एका बाजूने सरळ दुमडतो, दुसऱ्या बाजूने तडकतो. हातकागद दोन्हीकडून बराच सारखा वागतो.

वहीसाठी साधारण २२ × ३० इंचांचे चार ताव घ्यावेत: मातकट, राखी, निळा आणि काळा. ताव दुमडून, घडीत बोथट सुरी फिरवून फाडावा. दोनदा फाडला की ११ × १५ इंचांचे चार तुकडे होतात. प्रत्येक तुकडा मध्ये दुमडून एकात एक घातला की आठ पानांचा जुज तयार. चार तावांचे चार जुज, म्हणजे चौसष्ट पृष्ठं. जुजाच्या घडीवर दाभणाने पाच भोकं पाडावीत, सगळ्या जुजांना अगदी एकाच अंतरावर. दोऱ्याला मेण चोळून एकेक जुज शिवत जावं आणि टोकाच्या भोकाशी मागच्या जुजाच्या टाक्यात दोरा अडकवून गाठ मारावी. पुठ्ठ्यांनाही काठाशी भोकं पाडून त्याच दोऱ्यात ओवावं. पाठीला खळ न लावता ती उघडीच ठेवली, तर वही कुठल्याही पानावर सपाट उघडते आणि चित्र दोन्ही पानांवर पसरता येतं.

चित्रकलेच्या तासाला वर्षातून एकदा तरी मुलांच्या हातून अशी वही शिवून घ्यावी. कोणत्या चित्राला कोणता कागद हवा, हे ठरवणं चित्र काढण्याचाच भाग आहे. तयार पांढरी वही तो विचार करूच देत नाही. कागद निवडून स्वतः शिवलेल्या वहीत मूल पहिली रेघ ओढण्याआधीच बघायला लागतं: समोरचं काय उजळ आहे, काय गडद आणि मधलं किती कागदावर सोपवता येईल. चित्रकला शिकायची ती याच नजरेसाठी.