शब्दाची इजा

टेबलाभोवती बसून, फासे टाकीत, प्रत्येकाने एकेका पात्राची भूमिका वठवावयाची, असा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेत १९७४ साली निघाला. अशा खेळांचे एक रचनाकार रॉन एडवर्ड्स यांनी २००१ च्या निबंधात खेळाडूंचे तीन हेतू वर्णिले: आव्हान जिंकणे, कल्पित जगाशी इमान राखणे आणि कथेतून नैतिक प्रश्नाला भिडणे. केवळ तिसऱ्यास त्यांनी ‘नॅरेटिव्हिझम’, म्हणजे कथनवाद, म्हटले. कथा रचणारे इतर खेळाडू दुखावले. २००६ साली तर काही कथाप्रधान खेळांमुळे मेंदूला इजा होते, असे त्यांनी लिहिले आणि चर्चेचे भांडण झाले.

इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांस यातले मर्म कळेल. ‘शिक्षा’ म्हणताच हिंदी शेजाऱ्यास शिक्षण आठवते, आपणांस दंड. आम्हांस वाटते, अर्थ आधी विचारावा. कोणाच्या बुद्धीवर मात्र जाऊ नये.