उत्तरेकडील वस्त्या आणि स्वादुपिंडाचा दाह

स्वादुपिंडाचे नाव आपल्या रोजच्या बोलण्यात येत नाही. काळजाला भाषेत केवढे मानाचे स्थान आहे! पोटाचे तर विचारूच नये. जठराच्या मागे, कण्याला बिलगून आडवा पडलेला हा सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचा पिंड मात्र बिघडेपर्यंत कुणाच्या ध्यानीमनी नसतो. तो इन्सुलिन तयार करतो हे मधुमेहामुळे पुष्कळांना आता ठाऊक झाले आहे. त्याचे दुसरे काम पाचकरस तयार करून एका नळीने लहान आतड्याच्या आरंभी सोडण्याचे. या रसात मांस पचविण्याची शक्ती असते. मग स्वतः मांसाचाच असलेला हा पिंड पचून कसा जात नाही? कारण एवढेच, की त्यातील तीव्र द्रव्ये पिंडात असेपर्यंत निद्रिस्त असतात आणि आतड्यात पोहोचल्यावरच जागी होतात. ही व्यवस्था मोडली की पिंड स्वतःलाच पचवू लागतो. प्रागच्या हान्स किआरी यांनी १८९६ मध्ये ही कल्पना मांडली. पुढे १९०१ मध्ये बाल्टिमोरच्या यूजीन ओपी यांनी शवविच्छेदनात पित्ताचा एक खडा नळीच्या मुखाशीच अडकलेला दाखविला, आणि कारणांपैकी एक मोठे कारण डोळ्यांना दिसले. दुसरे मोठे कारण म्हणजे दीर्घकाळचे अतिमद्यपान. रक्तातील चरबीची अतोनात वाढ, काही औषधे, पोटावरचा आघात ही त्यामागून येतात.

आता हा रोग घेऊन आपण कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताच्या वायव्य भागात जाऊ. अनिशिनाबे, ओजी-क्री आणि क्री या आदिवासी समाजांच्या वस्त्या तेथे सरोवरांच्या आणि सूचिपर्णी अरण्याच्या प्रदेशात विखुरल्या आहेत. बारमाही रस्ता पिकल लेकपाशी संपतो. त्यापलीकडे विमान, आणि हिवाळ्यात सरोवरे गोठली की काही आठवडे बर्फावरून जाणारा रस्ता. वस्तीत परिचारिकांचे एक छोटे शुश्रूषा-केंद्र असते. डॉक्टर अधूनमधून विमानाने येतात. मोठे रुग्णालय सू लुकआऊट या गावी, आणि त्याहून अवघड उपचार थंडर बे किंवा विनिपेग येथे.

अशा वस्तीत एखाद्या बाईला रात्री पोटाच्या वरच्या भागात कळ येते, ती पाठीत आरपार जाते, ओकाऱ्या थांबत नाहीत, पुढे वाकून बसले की किंचित बरे वाटते. निदान कसे करावयाचे? वैद्यकाचा नियम असा, की विशिष्ट वेदना, रक्तातील लायपेजचे प्रमाण तिपटीवर जाणे, आणि छायाचित्रणात दिसणारा दाह, या तिहींपैकी दोन गोष्टी मिळाल्या पाहिजेत. केंद्रात पहिली तेवढी हमखास मिळते. बाकीच्या दोहोंसाठी बहुधा रक्त तरी विमानात चढवावे लागते नाही तर रोगी. आकाश मोकळे नसेल तर दोघेही थांबतात. बहुसंख्य रोगी काही दिवसांत बरे होतात. पण थोड्यांच्या बाबतीत मूत्रपिंडे आणि फुप्फुसे निकामी होऊ लागतात, आणि हे थोडे कोण ते पहिल्या काही तासांत ओळखणे तज्ज्ञांनाही कठीण असते. परिचारिकेवरचा भार आपण येथे ओळखावा.

सुदैवाने आरंभीचा उपचार साधाच आहे: शिरेतून द्रव, वेदनाशमन, आणि सोसेल तसे लवकर अन्न. द्रव भरपूर द्यावा अशी समजूत बराच काळ होती. भारतासह चार देशांत झालेल्या एका परीक्षेचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. सढळ हाताने द्रव दिलेल्यांपैकी सुमारे २० टक्के रोग्यांच्या अंगात पाणी साचले, तर बेताने दिलेल्यांत ते प्रमाण ६ टक्के होते. आणि सढळ देऊन लाभ काही दिसला नाही. दूरच्या केंद्राला ही बातमी दिलासा देणारी आहे.

येथे एका अप्रिय गोष्टीकडे वळले पाहिजे. आदिवासी रोगी, पोटात कळ आणि स्वादुपिंडाचा दाह एवढे ऐकले की 'दारू' असे उत्तर तयार असते. मद्य हे कारण नाहीच असे आम्हांस म्हणावयाचे नाही. पण या भागातील कित्येक वस्त्यांनी स्वतःच दारूबंदी केलेली आहे. शिवाय अमेरिकेतील आदिवासींमध्ये पित्ताचे खडे विलक्षण प्रमाणात आढळतात. ॲरिझोना, ओक्लाहोमा आणि डकोटा येथील ४७ वर्षांवरील लोकांच्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ६४ टक्के स्त्रियांना आणि ३० टक्के पुरुषांना पित्ताशयाचा विकार आढळला. ऑन्टॅरिओच्या वस्त्यांना हे आकडे तसेच्या तसे लावता येणार नाहीत. तथापि आधी खडा शोधावा, मग ग्लासाची चौकशी करावी, एवढे तरी त्यांवरून ठरते.

तयार उत्तराची किंमत काय असते ते विनिपेगला २००८ मध्ये दिसले. ब्रायन सिंक्लेअर हा आदिवासी गृहस्थ मूत्राशयाच्या संसर्गासाठी रुग्णालयात आला आणि चाकांच्या खुर्चीत ३४ तास ताटकळून तेथेच मरण पावला. तो प्यालेला असून झोपला आहे, असा काहींचा समज झाला होता. विकार वेगळा, पण नजर तीच.

या मुलखातील लोक मुकाट्याने सोसत आले आहेत असे मात्र कुणी समजू नये. जानेवारी १९८८ मध्ये सँडी लेक येथील पाच जणांनी सू लुकआऊटच्या रुग्णालयात उपोषण केले. उपोषण हे शस्त्र आपल्या चांगल्या परिचयाचे आहे. त्यातून चौकशी-मंडळ नेमले गेले आणि पुढच्याच वर्षी त्याचा अहवाल आला. आजच्या रुग्णालयाचे नाव 'मेनो या विन' असे अनिशिनाबे भाषेतले आहे, अर्थ स्वास्थ्य. तेथे रोग्यांना मूस हरणाचे मांस आणि मासे, म्हणजे त्यांचे घरचे अन्न, मिळण्याची सोय आहे.

राहिला प्रश्न खड्याचा. दाह शमला की रोग्याला घरी पाठवून पित्ताशय महिन्याभराने काढावे, की त्याच मुक्कामात? नेदरलँड्समधील २०१५ च्या परीक्षेत वाट पाहणाऱ्यांपैकी १७ टक्के सहा महिन्यांच्या आत खड्याच्याच विकाराने पुन्हा रुग्णालयात आले किंवा दगावले. त्याच मुक्कामात शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होते. तेथील रोग्याला 'परत येणे' म्हणजे मोटारीचा प्रवास. सँडी लेकच्या बाईला ते विमान, हवामान, परक्या गावातला मुक्काम आणि घरी कुणावर तरी सोपवलेली मुले. तिला एकदा आणले आहे तर शस्त्रक्रिया करूनच परत पाठवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.