पाण्याने थंड होणारा संगणक : सुटे भाग कसे निवडावेत?

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव येथील एखाद्या फाउंड्रीत गेल्यास विजेवर चालणारी इंडक्शन भट्टी पाहायला मिळते. भट्टीच्या मुशीत लोखंडाचा रस सुमारे १५०० अंश सेल्सिअस तापमानाला असतो आणि मुशीभोवती, अस्तराच्या पलीकडे, तांब्याचे वेटोळे असते. तांबे १०८५ अंशांना वितळते. मग हे वेटोळे कसे टिकते? ते भरीव तारेचे नसून पोकळ नळीचे असते आणि नळीतून सतत पाणी वाहत असते. वेटोळ्यातून जाणाऱ्या प्रचंड विद्युतप्रवाहाने निर्माण झालेली आणि अस्तरातून झिरपलेली उष्णता हे पाणी उचलून बाहेर नेते. पाणी थांबले तर भट्टीची खैर नसते, म्हणून वीज गेली तरी पाणी चालू राहील अशी वेगळी सोय केलेली असते.

हीच युक्ती संगणकालाही लागू पडते. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत, म्हणजे ‘आयसर’मध्ये, २०१९ साली ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक बसवण्यात आला. सेकंदाला ७९७ लाख कोटी गणिती क्रिया करण्याची त्याची क्षमता सांगितली गेली. त्याचे प्रोसेसर थंड ठेवण्यासाठी पाणी थेट त्यांच्या अंगाशी खेळवले जाते. आता घरगुती संगणकासाठीही असे सुटे भाग बाजारात मिळतात, आणि बारावीतला एखादा उत्साही विद्यार्थी भागांची यादी घेऊन शिक्षकांकडे सल्ला मागायला येऊ शकतो. प्रश्न किरकोळ नसतो. यादीतील रक्कम घरच्यांच्या खिशातून जायची असते, आणि जोडणी चुकली तर पाणी नेमके संगणकावरच सांडते. सुदैवाने, ही निवड करण्यासाठी लागणारे बहुतेक विज्ञान नववी ते बारावीच्या पुस्तकांत आहे.

उष्णता किती?

संगणक जेवढी वीज घेतो, तेवढी जवळपास सगळी अखेर उष्णतेत बदलते. त्यामुळे पहिला आकडा वॅटचा. उदाहरणासाठी असा संगणक घेऊ, ज्याचा प्रोसेसर पूर्ण कामाला लागल्यावर १५० वॅट आणि ग्राफिक्स कार्ड २५० वॅट वीज घेते. एकूण ४०० वॅट.

हा आकडा फार मोठा नाही. घरातली इस्त्री १००० वॅटची असते. अडचण क्षेत्रफळाची आहे. इस्त्रीचा तळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर धरला, तर दर चौरस सेंटिमीटरला ५ वॅट येतात. प्रोसेसरची सिलिकॉनची चकती जेमतेम २ चौरस सेंटिमीटरची धरली, तर १५० वॅट भागिले २, म्हणजे ७५ वॅट. इस्त्रीच्या पंधरा पट! ही उष्णता त्या इवल्याशा जागेतून उचलून मोठ्या पृष्ठभागावर पसरवणे, हेच खरे काम आहे.

ते काम हवेनेही होते. मग पाणी कशासाठी? आकडेमोड करून पाहू. ४०० वॅट उष्णता वाहून नेताना पाण्याचे तापमान १० अंशांनी वाढू दिले, तर मिनिटाला सुमारे ०.५७ लिटर पाणी पुरते. तेच काम हवेकडून करून घ्यायचे, तर मिनिटाला सुमारे २१७० लिटर हवा लागते. येथे हवेची घनता दर घनमीटरला १.१ किलोग्रॅम धरली आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच असल्याने इथली हवा मुंबईपेक्षा किंचित विरळ असते. समान आकारमानाचे पाणी हवेच्या साडेतीन हजार पटींहून अधिक उष्णता सामावते, ती ही अशी.

पण येथेच एक गैरसमज होतो. पाणी उष्णता नष्ट करत नाही. तो फक्त हमाल आहे. प्रोसेसरवर उचललेले ओझे त्याला रेडिएटरमध्ये उतरवावे लागते, आणि तिथून ते नेणार हवाच. ती २१७० लिटर हवा आपल्याला चुकत नाही. फक्त तिची जागा बदलते. म्हणूनच रेडिएटर आणि पंखे वापरून पाणी खोलीच्या तापमानाखाली कधीच जाणार नाही. एप्रिलच्या दुपारी खोली ३६ अंशांवर असेल, तर हिशेब ३६ पासूनच सुरू होतो.

उष्णतेचा ओहमचा नियम

विद्युत मंडलात विभवांतर म्हणजे प्रवाह गुणिले रोध. उष्णतेतही तसेच मांडता येते: तापमानातील फरक म्हणजे वॅट गुणिले औष्णिक रोध. सिलिकॉनपासून पाण्यापर्यंतचा रोध दर वॅटला ०.२५ अंश धरू. १५० वॅटसाठी हा फरक ३७.५ अंश होतो. रेडिएटर असा निवडला की पाणी हवेपेक्षा १० अंश गरम राहील. तर प्रोसेसरचे तापमान:

३६ + १० + ३७.५ = सुमारे ८४ अंश.

आजचे बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करू लागतात. म्हणजे आपण सुरक्षित आहोत. आता कोणी म्हणाले, ‘दुप्पट मोठा रेडिएटर घे,’ तर काय होईल? मधला आकडा १० वरून ५ होईल, आणि प्रोसेसर ८४ वरून ७९ वर येईल. खर्च बराच, फायदा पाच अंशांचा. सर्वांत मोठा आकडा तिसरा आहे, आणि तो प्रोसेसर व पाणी यांच्यामधल्या काही मिलिमीटरांत दडलेला आहे. पैसे आणि काळजी कुठे खर्च करायची, हे या बेरजेवरूनच ठरवावे.

ठोकळा आणि लेप

प्रोसेसरवर बसणाऱ्या भागाला वॉटर ब्लॉक म्हणतात. हा तांब्याचा ठोकळा असून त्याच्या आतल्या बाजूला अत्यंत बारीक पात्या कोरलेल्या असतात. दोन पात्यांमधली फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही अरुंद असते. त्यामुळे थोड्या जागेत पाण्याला भरपूर पृष्ठभाग मिळतो. मात्र इतक्या अरुंद फटी कचऱ्याने सहज तुंबतात, हेही ध्यानात ठेवावे. ब्लॉक घेताना तो आपल्या प्रोसेसरच्या सॉकेटसाठी बनवलेला आहे ना, हे आधी पाहावे. ग्राफिक्स कार्डचा ब्लॉक तर त्याच नमुन्याच्या कार्डासाठी घ्यावा लागतो, कारण छिद्रे आणि उंचवटे प्रत्येक कार्डात वेगळे असतात.

ब्लॉक आणि प्रोसेसर यांच्यामध्ये उष्णतावाहक लेप लावतात. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४००, लेपाची साधारण ५ ते १०, तर हवेची फक्त ०.०२६ एकके. म्हणजे लेप तांब्यापेक्षा फार कमी प्रतीचा, पण हवेपेक्षा शेकडो पटींनी चांगला. त्याचे काम केवळ पृष्ठभागांवरच्या सूक्ष्म खाचांतली हवा हुसकावणे एवढेच. म्हणून तो पातळच हवा. जाड थर दिल्यास रोध वाढतो.

रेडिएटर

संगणकाचे रेडिएटर त्यांवर बसणाऱ्या पंख्यांच्या मापाने मोजतात: १२० मिलिमीटरचा एक पंखा म्हणजे एक घर. जोडणी करणाऱ्यांचा ढोबळ नियम असा की, पंखे मध्यम वेगाने फिरत असताना आणि पाणी हवेपेक्षा सुमारे १० अंश गरम असताना, एक घर साधारण १०० वॅट बाहेर टाकते. आपल्या ४०० वॅटना चार घरे लागतील. तीन घरांचा एक आणि दोन घरांचा एक असे दोन रेडिएटर घेतल्यास पंखे सावकाश, म्हणजे कमी आवाजात, फिरवता येतात. खरेदीपूर्वी पेटीत ते मावतात का, हे जाडी आणि पंखे धरून पट्टीने मोजावे.

याहून महत्त्वाचा आहे धातू. ब्लॉक तांब्याचा असेल, तर रेडिएटरही तांबे-पितळेचाच हवा. स्वस्त संचांत ॲल्युमिनियमचा रेडिएटर असतो. तांब्याचा प्रमाण विद्युतअग्र विभव +०.३४ व्होल्ट, ॲल्युमिनियमचा −१.६६ व्होल्ट. असे दोन धातू एकाच पाण्यात आले आणि पेटीमार्फत वा अन्य रीतीने विद्युतदृष्ट्या जोडले गेले की विद्युतघट तयार होतो आणि ॲल्युमिनियम झिजू लागते. पाण्यात मिसळलेले तांब्याचे आयनही ॲल्युमिनियमवर बसून तेथे सूक्ष्म घट तयार करतात. झिजेचा गाळ मग ब्लॉकच्या फटीत जाऊन बसतो. कारखान्यातच भरून बंद केलेल्या तयार संचांत हे दोन धातू एकत्र असतात, पण त्यांतल्या द्रावात गंजरोधक मिसळलेले असते आणि ते उघडायचे नसतात. स्वतः जोडायच्या मंडलात हा धोका पत्करू नये.

पंप आणि टाकी

पंचगंगेचे पाणी उसाच्या मळ्यात चढवणाऱ्या शेतकऱ्याला पंपाची निवड उंचीवरून करावी लागते. संगणकात तसे नाही. मंडल बंद असते; जेवढे पाणी वर चढते तेवढेच दुसऱ्या बाजूने खाली उतरते, आणि दोन्ही स्तंभांचे वजन एकमेकांना तोलते. पंपाला झुंजायचे ते फक्त नळ्या, वळणे आणि ब्लॉकच्या फटींतल्या रोधाशी. मिनिटाला ४ लिटर प्रवाह मिळाला, तर पूर्ण मंडलात पाण्याचे तापमान जेमतेम दीड अंशाने बदलते. त्यामुळे आधी प्रोसेसर की आधी ग्राफिक्स कार्ड, या वादात फारसा अर्थ नाही. जोडणी सोपी होईल तोच क्रम योग्य.

एकच क्रम पाळलाच पाहिजे: टाकी पंपाच्या वर आणि त्याच्या लगेच आधी असावी. या पंपांचे वंगण आणि शीतन त्यातल्या पाण्यानेच होते. कोरडा फिरला की पंप बिघडतो. पंपाच्या वेगाचा संकेत देणारी तार मदरबोर्डला जोडावी, म्हणजे पंप थांबताच इशारा मिळतो.

नळ्या, आटे आणि पाणी

पहिल्या जोडणीसाठी मऊ नळीच घ्यावी. कडक पारदर्शक नळ्या दिसायला देखण्या असतात, पण त्या तापवून अचूक वाकवाव्या लागतात. मऊ नळ्यांत ईपीडीएम रबराची नळी चांगली. साध्या पीव्हीसी नळीतील मऊपणा देणारे द्रव्य कालांतराने पाण्यात उतरून फटींत चिकटते. बहुतेक भागांवर जी १/४ मापाचे आटे असतात, त्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांचे भाग एकमेकांना जुळतात. नळीचा आतला आणि बाहेरचा व्यास मात्र जोडणीच्या तुकड्याशी तंतोतंत जुळला पाहिजे: १०/१३ च्या तुकड्यात १०/१६ ची नळी चालत नाही. पाणी अडवते ती रबरी कडी. त्यामुळे तुकडे हातानेच आवळावेत. पान्याने जोर लावल्यास कडी चिरडते.

नळाचे किंवा बोअरचे पाणी वापरू नये. गिझरच्या कॉइलवर जसे क्षार चढतात, तसेच ते ब्लॉकमध्ये चढतील. ऊर्ध्वपातित पाणी आणि त्यात गंजरोधक व जंतुरोधक द्रव्य, किंवा तयार शीतक द्रव, हाच मार्ग. शुद्ध पाणी विजेचे मंदवाहक असते, म्हणून गळती झाली तरी बिघडत नाही, असे काही जण समजतात. ते खरे नाही. धातू आणि धुळीतले आयन मिसळून पाण्याची वाहकता वाढत जाते. इंडक्शन भट्टीच्या पाण्याची वाहकता वरचेवर तपासतात, ती याच कारणाने.

बर्फ घालून पाणी आणखी थंड करण्याचा मोह टाळावा. जुलैत कोल्हापुरात खोली २५ अंशांवर आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २३ अंशांवर येतो. ब्लॉक त्याखाली गेला की बाहेरून दव धरते, आणि ते पाणी सरळ मदरबोर्डवर उतरते.

तपासणी आणि निर्णय

सर्व जोडल्यावर आधी फक्त पंपाला वीज द्यावी, बाकी संगणक बंद ठेवावा. प्रत्येक जोडाखाली टिपकागद ठेवून चोवीस तास पाहावे. नंतर पूर्ण भार देऊन किमान अर्धा तास तापमान नोंदवावे. पाण्याची उष्माधारिता मोठी असल्याने पहिल्या काही मिनिटांचे आकडे फसवे असतात. पाणी काढण्यासाठी सर्वांत खालच्या जागी तोटी ठेवावी आणि वर्षातून एकदा द्रव बदलावा.

शेवटी मूळ प्रश्न: हे सारे करावे का? ६५ वॅटच्या प्रोसेसरला आणि शाळेच्या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या कामांना साधा पंख्याचा कूलर पुरतो. तो कमी पैशांत येतो, त्याला देखभाल कमी लागते आणि तो गळत नाही. ज्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही तासन्तास पूर्ण भाराने चालतात आणि आवाजही कमी हवा असतो, तिथे पाण्याचा विचार करावा. विद्यार्थी यादी घेऊन आला, तर त्याला किंमती विचारण्यापूर्वी तीन आकडे लिहायला सांगावेत: एकूण वॅट, खोलीचे उन्हाळ्यातले तापमान आणि मार्गातला प्रत्येक रोध. मग बेरीज त्यानेच करावी. कोणता भाग घ्यायचा, आणि मुळात घ्यायचा की नाही, हे त्या बेरजेतून त्याला स्वतःलाच दिसेल.

वर्गात करून पाहा

१. तांब्याची तार आणि ॲल्युमिनियमची पट्टी मिठाच्या पाण्यात उभी करून त्यांमधील विभवांतर व्होल्टमीटरने मोजा. नंतर दोन्ही तांब्याच्या तारा घेऊन मोजा. फरक का पडतो?

२. मंडलात एकूण १ लिटर पाणी आहे आणि रेडिएटरचे पंखे अचानक बंद पडले. ४०० वॅट उष्णतेने पाण्याचे तापमान ३० अंशांनी वाढायला किती वेळ लागेल? धातूंची उष्माधारिता सोडून द्या. उत्तर पाच मिनिटांच्या आसपास यायला हवे.

३. बादलीतून नळीने पाणी काढताना वक्रनलिका भरून घेतल्यावर पाणी काठावरून आपोआप का चढते, याची संगणकाच्या बंद मंडलाशी तुलना करा.