तीच गाठ, त्याच वाहिन्या

कर्करोगाची गाठ नव्या रक्तवाहिन्या फुटल्याशिवाय एक-दोन मिलिमीटरपलीकडे वाढत नाही, म्हणून त्या वाहिन्याच रोखाव्यात, असा विचार जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. बोस्टनचे राकेश जैन, आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी, यांनी २००१ मध्ये त्याला वेगळं वळण दिलं. वाहिन्या रोखणारी औषधं गाठीतल्या वेड्यावाकड्या, गळक्या वाहिन्या काही काळ सुधारतात आणि नेमक्या त्याच काळात केमोथेरपी आतवर पोहोचते, असं त्यांचं म्हणणं. उंदरांमध्ये हा काळ जेमतेम काही दिवसांचा. तो हेरायचा कसा? जुनी रीत म्हणजे ठरावीक दिवशी काही उंदीर मारायचे आणि गाठीचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. पण तिसऱ्या दिवशी तपासलेला उंदीर सातव्या दिवशी उरलेलाच नसतो. तेव्हा तपासतो तो दुसरा, आणि त्याची गाठ मुळातच निराळी असू शकते. म्हणून माझ्या मते इथे अधिक बारीक चित्रापेक्षा त्याच प्राण्यातल्या त्याच वाहिन्या पुन्हा पुन्हा पाहता येणं महत्त्वाचं होतं.

ते शक्य झालं प्रकाशामुळे. डोळ्याच्या पडद्याची ‘ओसीटी’ तपासणी आता अनेकांच्या परिचयाची आहे. १९९१ मध्ये एमआयटीतून पुढे आलेलं हेच ते तंत्र. अवरक्ताच्या जवळचा प्रकाश ऊतींवर सोडायचा आणि कोणत्या खोलीवरून किती परतला ते मोजायचं. स्थिर ऊतींकडून येणारा प्रकाश फारसा बदलत नाही, वाहत्या रक्तपेशींकडून येणारा मात्र क्षणोक्षणी बदलतो. तो बदल वेगळा काढला की रंगद्रव्य न टोचताही वाहिन्यांचं जाळं उमटतं. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील संशोधकांनी २००९ मध्ये या तंत्राच्या वेगवान रूपाने जिवंत उंदरांच्या गाठींतल्या वाहिन्या आणि त्यांच्यावरचा उपचारांचा परिणाम दाखवला.

हा प्रकाश ऊतींत एक-दोन मिलिमीटरच शिरतो. खोलवरच्या गाठीसाठी कातडीत किंवा कवटीत काचेची खिडकी बसवावी लागते, मग याला निर्धोक कसं म्हणायचं, हा आक्षेप रास्त आहे. मात्र ती शस्त्रक्रिया एकदाच होते आणि पुढची पाहणी अनेकदा. भुलीने रक्तप्रवाह बदलतो हेही खरं, म्हणून दर वेळी भूल सारखीच द्यावी लागते आणि उपचार न केलेले उंदीर तुलनेला ठेवावे लागतात. सर्वांत वजनदार आक्षेप वेगळा आहे: प्रवाह थांबलेली वाहिनी या चित्रात दिसतच नाही, मग ती नष्ट झाली की तात्पुरती मिटली, हे कळणार कसं? ते नुसत्या प्रतिमेवरून ठरत नाही, शेवटी काप घ्यावाच लागतो. फरक एवढाच, की त्या कापातल्या वाहिनीत रक्त कोणत्या दिवसापर्यंत वाहत होतं, याची नोंद आता हाताशी असते.