मॅच तुमची, स्क्रीन कुणाची?

शनिवारी रात्री कॉलेज रोडवरच्या कॅफेत बसून प्रीमिअर लीगची मॅच बघता ना? मग एक गंमत ऐका. आपल्याकडे साडेसातला (तिकडे थंडी पडली की साडेआठला) सुरू होणारी मॅच तुम्हाला लाइव्ह दिसते, पण खुद्द ब्रिटनमधल्या फॅनला ती टीव्हीवर बघता येत नाही! तिथे शनिवारी दुपारी २.४५ ते ५.१५ या वेळेत फुटबॉलचं थेट प्रक्षेपण बंद असतं. कारण साधं आहे. लोकांनी घरात बसून न राहता आपल्या गावातल्या छोट्या क्लबच्या मैदानावर जावं.

म्हणजे मॅच कुणी, कुठे, कधी बघायची हे खेळाडू ठरवत नाहीत. ते ठरतं प्रक्षेपण हक्कांच्या करारात.

हा धंदा चालतो कसा? लीग सगळ्या क्लबांच्या वतीने मॅचेस दाखवण्याचा हक्क एकत्र विकते. चॅनेल किंवा अ‍ॅप बोली लावतं आणि ते पैसे जाहिराती आणि तुमच्या सबस्क्रिप्शनमधून वसूल करतं. प्रीमिअर लीगचे ब्रिटनमधले हक्क २०२५ पासून चार वर्षांसाठी ६७० कोटी पौंडांना गेले. तिथल्या वाटपात अर्धा पैसा सगळ्या क्लबांना सारखा मिळतो, उरलेला टेबलमधलं स्थान आणि टीव्हीवर दाखवलेल्या मॅचेस यांवर ठरतो. म्हणूनच शेवटच्या नंबरचा क्लबसुद्धा बरे खेळाडू विकत घेऊ शकतो.

आता आपल्याकडे या. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली. त्याआधी, २०१० मध्ये, फुटबॉल महासंघाने आपले व्यावसायिक हक्क १५ वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना आयएमजी-रिलायन्सला दिले होते. लीग चालवणारी कंपनी त्याच गटातली, आणि स्टार वाहिनी या उद्योगात भागीदार. म्हणजे दुकान आणि गिऱ्हाईक जवळजवळ एकाच घरातले! अशा घरात भाव वाढणार कसा?

भाव वाढतो तो दोन तगडे बोलीदार समोरासमोर आले की. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ च्या हक्कांसाठी स्टार आणि वायाकॉम१८ भिडले आणि ४१० मॅचेसचे ४८,३९० कोटी झाले. एका मॅचचे ११८ कोटी! पण नोव्हेंबर २०२४ मध्ये हे दोघे प्रतिस्पर्धी विलीन होऊन एकच कंपनी झाले. लिलावात समोरचा हात वर करणाराच गायब.

त्यात ८ डिसेंबर २०२५ ला तो १५ वर्षांचा करार संपणार होता. नवा करार होईना, म्हणून जुलैमध्येच सीझन थांबवला गेला. मग महासंघाने टेंडर काढलं. वर्षाला किमान साडेसदतीस कोटी रुपये किंवा उत्पन्नाचा पाच टक्के वाटा, यातलं जे जास्त असेल ते द्या आणि १५ वर्षं हक्क घ्या. नोव्हेंबरमध्ये मुदत संपली. बोली किती आल्या? एकही नाही.

झळ आपल्या मुंबई सिटीपर्यंत पोचली. दोनदा आयएसएल कप जिंकलेला हा क्लब. मँचेस्टर सिटीच्या मालकांचा सिटी फुटबॉल ग्रुप २०१९ पासून त्याचा मोठा हिस्सेदार होता, तो डिसेंबर २०२५ मध्ये बाहेर पडला. शेवटी जानेवारीत क्रीडामंत्र्यांनी जाहीर केलं की १४ फेब्रुवारी २०२६ पासून १४ क्लब, ९१ मॅचेस. निम्मा सीझन गेला होता. खेळाडूच्या करिअरमध्ये असे सीझन असतात तरी किती?

‘आम्हाला काय त्याचं?’ असं म्हणाल. पण बघा, अंधेरीत संध्याकाळी साडेसातची मॅच म्हणजे नाशिककराची परतीची पंचवटी हुकलीच. ही वेळ टीव्हीसाठी असते, तुमच्यासाठी नाही. म्हणून आपल्यासाठी लीग म्हणजे स्क्रीनच, आणि त्या स्क्रीनवर आपण मोजले जातो. कट्ट्यावर फिरणाऱ्या फुकटच्या लिंकवर मॅच बघणारा कुणाच्याच मोजणीत नसतो. चार जणांत मिळून घेतलेलं एक सबस्क्रिप्शन चॅनेलला सांगतं की नाशिकमध्येही फुटबॉल बघणारे आहेत.

आणि हो, इंग्लंडचा तो दुपारचा नियम विसरू नका. स्क्रीनवर प्रेम करा, बिनधास्त करा. पण येत्या रविवारी सकाळी आपल्या कॉलेजची मॅच असेल, तर तासभर ग्राउंडवर जाऊन उभे राहा. तिथे कुणाचेच हक्क विकत घ्यावे लागत नाहीत.